उजवा कोपर आणि कन्नड मशीन

९ जानेवारी १९८४, सोमवार

मास्तरांनी आज माझं पान मशीनमधून ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडलं! "बाई, हे कन्नड हाय का कागदावर मुंग्या मेल्यात?" पोरंपोरी खिदळली. त्या वर्गात मीच सगळ्यांत थोराड. एकतीस वर्षांची घोडी, आणि शेजारी मिसरूड न फुटलेली पोरं माझ्या दुप्पट वेगानं बडवतात.

सहा वर्षं सरकारी ऑफिसात इंग्रजी टाइप करतेय — हंगामी म्हणून. आता सगळा कारभार कन्नडात. साहेबांनी तोंडावरच सांगितलं, "मथुरा, जूनमध्ये कन्नड टायपिंगची परीक्षा आहे. पास झालीस तर पक्की करतो. नाहीतर तुझ्या खुर्चीवर दुसरी येईल." तेव्हापासून ऑफिस सुटलं की हुबळीच्या कोप्पीकर रोडवरची ही टायपिंगची शाळा, आणि हे दत्तात्रय मास्तर.

कन्नड बोलायला मला कुणी शिकवलं नाही, गल्लीतच मिळालं. पण शाळा झाली मराठी. वाचताना अडखळते. आणि ते मशीन! शिफ्टचं बटण दाबायचं म्हणजे दगड उचलायचा. एकेका अक्षराच्या पायाशी दुसरं अक्षर लोंबतं, त्याला आणखी वेगळं बटण.

घरी येऊन कपाट उघडायला गेले. किल्ली फिरवली आणि उजव्या कोपरात अशी कळ आली की किल्लीच सोडून दिली. असेल लचक.

११ जानेवारी

लचक नाही.

१९ जानेवारी

कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाड वर आलंय ना, तिथं दुखतं. बोटाएवढी जागा. गप्प बसून राहिलं तर काही नाही, जणू सोंगच केलं होतं. पण काही धरा, उचला, पिळा — की तिथून आग निघते ती थेट मनगटापर्यंत. हे त्या मशीनचंच काम, शंकाच नाही. मेलं ते मशीन!

आईनं तापवलेल्या मिठाची पुरचुंडी करून शेकलं. शेकताना बोलणं चालूच. "खुर्चीवर बसून बोटं हलवतीस तू. त्यात हात दुखतोय कसा गं?" जिनिंगच्या गिरणीत कापूस उचलून तिच्या बोटांची पेरं सुजलीत, त्यामुळे खुर्चीवर बसून करतात ते काम तिच्या हिशेबी कामच नव्हे. आनंदाला तर काय, बोलायला निमित्तच हवं. "परीक्षा जवळ आली की सगळ्यांचंच कायतरी दुखतंय." धाकटा भाऊ आहे म्हणून सोडला. अमरगोळच्या मार्केटात तोलायचं काम करतो, दिवसभर दुसऱ्यांची पोती दुसरेच उचलतात आणि हा आकडा ओरडतो. तो मला कष्ट शिकवणार!

राधा तेवढी बरी. आनंदाची बायको. अळणावरकडच्या खेड्यातली, सातवीपर्यंत कन्नड शाळा शिकलेली. रोज संध्याकाळी मला कन्नड पेपर मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी ट्रंकेच्या झाकणावर बोटं चालवते. "अक्का, बेग बेग!" — लवकर लवकर — म्हणून मास्तरांची नक्कलही करते. हसू येतं. पण बोटं चुकतातच.

३ फेब्रुवारी

आज सत्याप्पा पैलवानाकडे गेले. आईचा हट्ट. तालमीच्या ओट्यावर बसवलं आणि तेल लावून त्या दुखऱ्या जागेवर असा अंगठा फिरवला की माझ्या डोळ्यांत पाणी. "शीर चढल्याली हाय, उतरवतो," म्हणाला. शीर उतरली की नाही देव जाणे, माझा रंग उतरला. हात सुजून निळा.

४ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितेय. कोंबडी चालल्यासारखं अक्षर. पुरे.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज बिब्बा. मी नको नको म्हणत होते. आईनं सुई तापवून बिब्ब्यात बुडवली आणि कोपरावर ठिपका दिलाच. "तुझ्या बाच्या टाचेचं गेलं का न्हाई ह्यानं?" अप्पांना विचारलं, खरंच गेलं होतं का? अप्पा म्हणाले, "गेलं असंल. रिटायर झाल्यावर गेलं."

संध्याकाळी फोड आला. आता दोन दुखणी झाली — एक आतलं, एक वरचं.

२४ फेब्रुवारी

मास्तर म्हणतात, वेग कमी झालाय. मी सांगितलं, हात दुखतो. "सगळ्यांचेच दुखतात बाई. दुखू दे, मगच हात तयार होतो." मग तयार कधी होणार? जूनला चार महिनेही नाहीत. काल ऑफिसात शाईची बाटली उचलताना हातातून निसटली, साहेबांच्या टेबलावर काळं तळं झालं. त्यांनी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं — मला ठेवावं की नाही हे आत्ताच ठरवत असल्यासारखं.

नोकरी गेली तर? अप्पांची पेन्शन म्हणजे नावाला. आनंदाचं हंगाम असेल तर असतं, नसेल तर नसतं. आणि मी — लग्न मोडून माहेरी आलेली. पगार आणते म्हणून या घरात माझ्या शब्दाला वजन आहे. उद्या पगार नसला तर मी कोण? हे मी कुणाला बोलले नाही. इथंच लिहितेय.

५ मार्च, सोमवार

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले एकदाची. त्यांनी माझी मूठ मिटवली, मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून दाबलं. किंचाळलेच! ते खूश झाले. "टेनिस एल्बो," म्हणाले. टेनिस! मी जन्मात टेनिसची बॅट बघितली नाही. हुबळीत टेनिस कोण खेळतं तेही मला माहीत नाही.

सुई टोचली, अगदी त्या हाडापाशी. देवा रे! विचारलं, कशानं होतं हे? "काय काम करता?" टायपिंग. "मग त्यानंच." झालं! पुढचा पेशंट आत.

९ मार्च

दुखत नाही! मूठ वळली, किल्ली फिरवली, भरलेली घागर उचलली — काही नाही! माझा माझ्यावर विश्वास बसेना. राधाला हाताला धरून अंगणात गरकन फिरवलं. आता गेलेले दोन महिने भरून काढते.

१६ मार्च

मास्तरांनी पान फाडलं नाही! लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "इरली, असू दे, बरं चाललंय," म्हणाले. शाळा बंद होईपर्यंत बसते हल्ली.

२९ मार्च

परत आलं.

तीच जागा, तीच आग. पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणे, "सुईनं दुखणं झोपतं बाई, मरत नाही. झोपलं तेव्हा तुम्ही जास्त बडवलंत." मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं! तोंडात मिठाची गुळणी धरली होती काय? संताप संताप झाला. आता म्हणतात, रजा घ्या, हाताला पूर्ण विश्रांती. मशीनला शिवायचं नाही. जाताना विचारलं, "टायपिंगशिवाय आणखी काही काम?" मी म्हटलं, नाही, दुसरं काही नाही.

परीक्षेच्या तोंडावर विश्रांती! साहेबांकडे रजा मागताना जीव मुठीत होता.

५ एप्रिल

रजेचे दिवस. मशीन नाही, शाळा नाही. हात आता बरा व्हायलाच हवा.

आई म्हणाली, घरी हाईसच तर सकाळीच दोन्ही वेळचं पाणी भरून ठेव, राधाला तेवढाच आराम. नळाचं पाणी आठ-आठ दिवस येत नाही, कोपऱ्यावरच्या बोअरिंगच्या हापशावर बायकांची ही रांग. दांडा इतका जड की खाली दाबला तर वर ओढायला वेगळी ताकद. तिथून आले की भाकऱ्या. एरवी मी सकाळच्याच थापते, संध्याकाळच्या राधा. आता घरीच आहे म्हटल्यावर दोन्ही वेळच्या माझ्याकडे. मग धुणं. आनंदाचे मार्केटातले धुळीनं भरलेले कपडे, अप्पांची धोतरं, चादरी. आईनं आठवणीनं गोधड्याही काढल्या — "ऊन हाय तवर धुऊन घे."

बरंच झालं. नुसतं बसून काय करायचं? डोकं फिरेल.

१५ एप्रिल, रविवार

काल बाबासाहेबांची जयंती. गल्लीत निळ्या पताका, मिरवणूक, बाहेरगावची पाहुणी मंडळी. दोनशे माणसांचं जेवण. मोठ्या चुलीवर गव्हाची गोड हुग्गी शिजली आणि भाकऱ्या थापायला आम्ही सात-आठ जणी ओळीनं बसलो. मी काठवटीवरून उठलेच नाही. "मथुराची भाकरी बघा, चंद्रागत गोल," म्हातारी लक्कव्वा सगळ्यांना दाखवत होती. फुशारले.

आज सकाळी हातात कंगवा धरवेना. राधानं वेणी घातली.

१७ एप्रिल

कळत नाही! खरंच कळत नाही! दोन आठवडे मशीनचं तोंड पाहिलं नाही. बटणाला बोट लावलं नाही. रजा वाया, अभ्यास बुडाला, आणि हात आधीपेक्षा वाईट! आनंदा म्हणाला, "म्हणजे मशीनचं न्हाईच दुखणं. मनाचं हाय." मी काठवट आदळली. त्याचीच कळ पुन्हा कोपरात.

मनाचं असेल का?

२३ एप्रिल

ऑफिसात रुजू झाले. साहेबांनी विचारलं, बरा झाला हात? हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

३ मे, गुरुवार

आज जे झालं ते सगळं नीट लिहायचं आहे. हात दुखला तर दुखू दे.

डॉक्टरांनी शेवटी वैतागून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, व्यायामाच्या विभागात. तिथं एक श्यामलाबाई आहेत. चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, आणि जिभेला धार. माझा हात टेबलावर पालथा ठेवून त्यांनी बोटानं रेघ ओढून दाखवली. मनगट वर उचलणारे सगळे स्नायू इथून निघतात आणि कोपराच्या या एवढ्याशा हाडाला येऊन चिकटतात. मूठ आवळली की मनगट सरळ धरायला हेच स्नायू ओढ घेतात. तीच ओढ पुन्हा पुन्हा बसली की चिकटलेल्या जागेचे धागे विसविसतात. भरून यायच्या आधी परत ओढ, परत विसविसतात. "शीर चढलेली नाही, वारं शिरलेलं नाही, मनाचंही नाही," म्हणाल्या. मनाचंही नाही!

मग म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा."

मी म्हटलं, टायपिंग करते.

"उठल्या उठल्या?"

नाही म्हटलं, ते दहा वाजता. "मग दहाच्या आधी?" म्हटलं, दुसरं काही नाही, आपलं घरातलंच. "घरातलं म्हणजे काय? हात कसा चालतो ते करून दाखवा मला." मला हसू आलं. पण दाखवायला लागले. हापशाचा दांडा. घागरीच्या काठाला धरून वरून उचलणं. पीठ मळताना तळव्यानं रेटणं. थापणं. सांडशीत तवा धरून उतरवणं. चादर पिळणं. एकेक दाखवत गेले आणि एकेकाला त्या माझं मनगट नि मूठ बोटानं दाखवत राहिल्या — बघा, इथं आवळलीत. बघा, मनगट मागं मोडलं. बघा, पालथ्या हातानं उचललंत.

माझा आवाज हळूहळू बसत गेला.

"आणि रजा घेतली होती तेव्हा?" मी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी काय विचारलं तेही. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे रजेत तुम्ही हाताला दुप्पट कामाला लावलंत आणि त्याला विश्रांती म्हणालात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'काही नाही' कसं म्हणवलं तुम्हाला?"

कसं म्हणजे? पगार मिळतो ते काम. बाकीचं काम आहे हे कुणाला माहीत होतं? मला तरी कुठं होतं! चार महिने त्या बिचाऱ्या मशीनला शिव्या घालतेय. मशीनचाही दोष आहे म्हणाल्या, पण थोडा — टेबल उंच, खुर्ची बुटकी, त्यामुळे मनगट वर मोडतं. खुर्ची उंच करा. बाकी हापसा, पिळणं, मळणं, सगळं बंद. व्यायाम देते तो रोज करा. परीक्षेपर्यंत हात चालेल.

राग राग येत होता, आणि तरी येताना रडू येत होतं ते बरं वाटल्याचं. दुर्गदबैलच्या बाजारात, भर गर्दीत हातगाडीवाले ओरडत होते, "बाजू, बाजू!" मी मधेच उभी.

४ मे

युद्ध!

घरी सांगितलं. आई आधी हसली, मग चिडली. "भाकरी थापून कुणाचा हात मोडलाय का आजवर? आमचा का न्हाई मोडला?" मी तिच्या सुजलेल्या बोटांकडे बोट दाखवलं. तशी तिनं ती पदराखाली लपवली. "ते वयाचं हाय."

आनंदाला म्हटलं, तू हापशावरून पाणी आण. तो उडालाच. "त्या बायकांच्या रांगेत? मी? मार्केटातले लोक तोंडात शेण घालतील!" मी म्हटलं, लोकांचं शेण चालेल तुला, बहिणीची नोकरी गेलेली चालेल? पगार आला की पहिला हात तुझा पुढं असतो! तो ताटावरून उठला. अप्पा म्हणाले, "साकु आता, बास झालं, साकु." पण कुणाला साकु ते सांगितलं नाही.

मी ओरडत होते आणि आवाज फाटत होता. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट आहे जी माझी आहे, ती ही नोकरी, आणि ती तुमच्या भाकरीपायी जाणार! बोलले. सगळं बोलले. गल्लीत ऐकू गेलं असेल.

तेवढ्यात चुलीपासून राधा म्हणाली, "मी करते की सगळं. अक्कांनी हात लावू नये." इतक्या साधेपणानं म्हणाली. आई पुटपुटली, "बघ, किती गुणाची हाय." आनंदा परत ताटावर बसला.

मिटलं. इतकं सोपं होतं तर मी एवढी का ओरडले?

१० मे

खुर्चीची भानगड. टायपिंगच्या शाळेत खुर्ची उंच करायला काही नाही. ऑफिसातल्या जुन्या बांधीव अहवालांचे गठ्ठे आणून बसायला घेतले, तर अप्पांना कळलं. अप्पा रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार होते, तिशीत अक्षर शिकले. एवढ्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "अक्षरावर बसतीस? त्यासाठी शिकवलं तुला?" मी म्हटलं, अहो अप्पा, धान्याचे जुने भाव आहेत त्यात. "आकडे असले म्हणून काय झालं!"

दुसऱ्या दिवशी आपली घोंगडी घडी करून सुतळीनं बांधून दिली. बरोबर त्या उंचीची. उन्हाळ्यात टोचते मेली. पण मनगट सरळ राहतं. त्यांच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा कापून कोपराच्या खाली बांधायचा पट्टाही केला, श्यामलाबाईंनी दाखवला तसा.

१८ मे

व्यायाम करताना वैताग येतो. हात टेबलाच्या कडेवरून पालथा लोंबत सोडायचा, मुठीत वजन. आनंदानं मार्केटातून अर्ध्या किलोचं माप आणून दिलं — न बोलता, पण आणलं. डाव्या हातानं ते वर उचलायचं आणि उजव्यानं हळूहळू खाली सोडायचं. उचलायचं नाही, सोडायचं! काहीतरीच. श्यामलाबाई म्हणतात, सोडताना स्नायू ताणाखाली लांबतो, तसाच तो घट्ट होतो. थोडं दुखलं तर चालेल, रात्रभर ठणकलं तर वजन कमी करा. मग सोडावाटरवाल्याकडचा बर्फाचा खडा फडक्यात घालून फिरवायचा. उचलायचं ते तळवा वर करून. पेला, पुस्तक, सगळं. भिकाऱ्यासारखं वाटतं.

एका दिवसात फरक नाही. चार दिवसांत नाही. विचारलं की म्हणतात, आठवडे लागतात बाई, धागे विणून यायला. धीर धरा. धीर! मला जूनमध्ये परीक्षा आहे.

२७ मे, रविवार

फरक आहे! लिहायला घाबरत होते, दृष्ट लागेल म्हणून. किल्ली फिरवली, आग नाही. नुसतं चुरचुरतं. सुईनंतर झालं होतं तसं एकदम नाही — इंच इंच.

घरातलं राधा बघते. पाणी, भाकरी, धुणं. तिला सवय आहे. खेड्यातलं शरीर, काटक. मी आपली संध्याकाळी पेपर घेऊन तिला बसवते. पण हल्ली ती पेपर हातात धरतच नाही, मांडीवर पसरून वाकून वाचते. आवाज सगळा खाली जातो, अर्धं ऐकू येत नाही. दोनदा सांगितलं, वर धरून वाच गं. धरते नि परत खाली ठेवते. आज जरा जास्तच बोलले. परीक्षा तोंडावर आलीय!

९ जून

मास्तर मागं उभे होते. मला माहीतच नव्हतं. पान पुरं झालं तेव्हा नुसते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"साठी लोक वर्षं घालवतात.

१७ जून, रविवार

परीक्षा झाली. धारवाडला.

मशीन आपलं आपण न्यायचं असतं. शाळेची मशीनं टेम्पोतून जाणार होती, पण पहिल्या मजल्यावरून टेम्पोपर्यंत ज्यानं त्यानं उतरवायची. आनंदाला मार्केटात गाड्या आल्या. मी काय करणार, आज तर हात जपायलाच हवा! राधा म्हणाली, मी येते. पदर खोचला, ते लोखंडी धूड पोटाशी कवटाळलं आणि जिना उतरायला लागली. मला हात लावू दिला नाही. मधल्या पायरीवर तिनं ते ठकदिशी टेकवलं आणि हात झटकला. "आपटलं नाही ना? काही वाकलं नाही ना?" "न्हाई अक्का, मशीनला काय झालं न्हाई." परत उचललं. धारवाडला शाळेच्या पटांगणातून वर्गापर्यंतही तिनंच नेलं. मग बाहेर चिंचेखाली बसून राहिली.

उतारा सहकारी संघाबद्दल होता. घंटा झाली आणि मी काही विचारच केला नाही. घोंगडीवर ताठ, मनगट सरळ. शेजारचं पोरगं सुसाट सुटलं होतं. मी माझ्या चालीनं. शेवटच्या ओळीला कोपर जागा झाला. मी त्याला म्हटलं, थांब. थांबला!

परतताना राधाला विचारलं, भूक लागली? म्हणाली, झोप लागलीय.

२९ ऑगस्ट, बुधवार

पास! पास! पास!

मास्तरांनी रस्त्यावरून हाक मारून सांगितलं. भर कोप्पीकर रोडवर! साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "मथुराबाई, बसा." सहा वर्षांत पहिल्यांदा बाई, पहिल्यांदा बसा. आता मी पक्की. निवृत्त होईपर्यंत कुणी मला उठवू शकत नाही.

आईनं गल्लीभर साखर वाटली. श्यामलाबाईंना सांगायला गेले. त्यांनी कोपर दाबून दाबून बघितला, माझी मूठ वर उचलून धरायला लावली, वरून जोर दिला. दुखलं नाही. "झाला की बरा," म्हणाल्या. आनंदासुद्धा म्हणाला, "जिंकलीस गं." अप्पांनी कन्नड पेपर घेतला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावला. अडखळले नाही.

इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

२ सप्टेंबर, रविवार

सकाळी राधाचा हात काठवटीतच थांबला. पिठात रुतलेली बोटं तिला वळवता येईनात. ओठ दाबून बसली होती. मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला, त्या हाडावर, नुसता अंगठा टेकवला. ती किंचाळली.

"कधीपासून?"

मान खाली घालून म्हणाली, "तुमची नोकरी पक्की होऊ दे म्हटलं, अक्का."